तलावाच्या अर्जात ढीवर कुठं आहेत?

पत्र

ताई, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्याची, आमच्या गावच्या ग्रामसंघाची सचिव आहे, गावात नऊ बचत गट आहेत. आमचा एक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे, त्याच्यावर शंभरेक एकर धान निघायचा, आता गाळ भरला आणि अर्ध्या तलावात बेशरमाची झुडपं माजली, पाऊस पंधरा दिवस लांबला की रोवणी (धानाची लावणी) अडकते. २०२० च्या पुरात खालच्या मोहल्ल्यात तीन दिवस पाणी होतं, ढीवर टोलीतल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या पोरांनी डोंगे (लहान होड्या) आणून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं. तेव्हापासून आम्ही बायांनी ठरवलं की आपल्या गावाचं आपणच काहीतरी करायचं. तलाव दुरुस्ती, पुरासाठी धान्य-दोर-टॉर्च एका खोलीत ठेवणे आणि लुचई, हिरानक्खी असं जुन्या धानाचं बियाणं जपणे, अशी तीन कामं लिहून काढली. अकरा जणांची समिती केली, नऊ गटांतून एकेक बाई, उपसरपंच आणि रोजगार सेवक. आता वडसाचे एक सर भेटले, ते म्हणतात विदेशी फंडातून २० लाख तीन महिन्यांत आणतो, नाही जमलं तर कंपनीचा सीएसआर (समाजकामाचा निधी) आहेच, फक्त तुम्ही नवीन ट्रस्ट काढा, २५ हजार फाइल चार्ज द्या, मंजूर झाल्यावर १० टक्के त्यांचे. काही बाया ग्रामसंघाच्या खात्यातून द्यायला तयार आहेत. आणखी एक अडचण म्हणजे ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीवाले गाळ काढू देत नाहीत, आमचा ठेका आहे म्हणतात. काय करावं?

उत्तर

ताई, पहिले ते पंचवीस हजार थांबवा. आजच. उरलेलं उत्तर मग निवांत वाचा.

त्या सरांना मी ओळखत नाही आणि ओळखायची गरजबी नाही, कारण ते जे सांगतात ते कायद्यातच बसत नाही. विदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, आणि ती मिळायला संस्था निदान तीन वर्षं जुनी पाहिजे आणि मागच्या तीन वर्षांत तिनं आपल्या कामावर किमान १५ लाख खर्च केलेले पाहिजेत. एखाद्या ठरावीक देणगीदारासाठी पूर्वपरवानगी म्हणून एक वाट असते, पण त्यात त्या देणगीदाराचं नावानिशी पत्र लागतं, सरांकडे ते असेल तर दाखवा म्हणावं. आणि कुणी म्हणेल की पैसा दुसऱ्या संस्थेच्या नावावर घेऊ न मग तुमच्या खात्यात टाकू, तर तेबी नाही, २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आहे. राहिला सीएसआर. तिथंबी कंपनी बाहेरच्या ट्रस्टला काम देते तेव्हा ट्रस्टला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही नोंदणी लागते, आणि सीएसआर-१ नावाची नोंदणी लागते. म्हणजे आज काढलेल्या ट्रस्टला तीन महिन्यांत २० लाख, हे दोन्हीकडून होत नाही. होते ती फक्त फाइल आणि तिचा चार्ज.

आणि समजा चमत्कार झाला न पैसा आला, तर ते १० टक्के म्हणजे दोन लाख तुम्ही हिशेबात कुठं दाखवणार? कमिशन असं लिहिता येत नाही, मग खोटी बिलं लावावी लागतात, आणि त्या बिलांवर सही सरांची नसते, सचिवाची असते. म्हणजे तुमची.

ट्रस्ट काढायची घाई तशीबी करू नका. ट्रस्ट काढणं सोपं आहे, चालवणं कटकटीचं आहे, दरवर्षी ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब, एखादी विश्वस्त बाई लग्न होऊन गेली की फेरफार अर्ज, तोबी ९० दिवसांत. मी स्वतः पाहिलंय, संस्था काढली, उद्घाटन झालं, दोन वर्षांनी ना ऑडिट ना बैठक, आणि तिसऱ्या वर्षी खरंच एक चांगली संधी आली तेव्हा कागद पूर्ण नाहीत म्हणून हातची गेली. तुमच्याकडे ग्रामसंघ आहे, उमेदचं (बचत गटांच्या सरकारी अभियानाचं) खातं आहे, ठराव लिहायची सवय आहे, अंतर्गत कर्ज देऊन वसूल करायची सवय आहे, हे आत्ता पुष्कळ आहे. मोठा पैसा घ्यायची वेळ आली तर आपल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातली एखादी जुनी, कागद नीट असलेली संस्था गाठायची, पैसा तिच्या नावावर, काम ग्रामसंघाचं, आणि दोघांत लेखी करार की कोण काय करणार न कोणाच्या सहीनं पैसा निघणार. हा करार कामाच्या आधी करायचा, मधात नाही.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सरांपेक्षा जास्त टोचली ती सांगते, रागावू नका. पत्रात ढीवर दोन ठिकाणी येतात. एकदा पुरात डोंगे घेऊन, आणि एकदा शेवटी, गाळ काढू देत नाहीत म्हणून. मधात अकरा जणांची समिती आहे त्यात ढीवर टोलीतलं एकबी माणूस नाही. तुम्ही म्हणाल नऊ गटांतून एकेक घेतली, टोलीत गटच नाही तर घेणार कुठून. हेच तर म्हणते मी बाई, टोलीत गट का नाही हे कधी कोणी विचारलं का?

थोडं मागं जाऊन बघा. आपल्या पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर मिळून साडेसहा हजारांच्या वर असे माजी मालगुजारी तलाव आहेत, पुष्कळ कोहळी लोकांच्या हातचे, धानासाठी बांधलेले. १९५० नंतर मालगुजारी, म्हणजे जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आज लहान तलाव बहुतेक जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारेकडे आहेत. पूर्वी पार (तलावाचा बांध) नीट ठेवणं, नहर साफ करणं हे गावाचंच काम होतं, मग ते 'सरकारचं' झालं न कोणाचंच राहिलं नाही. पाणी शेतकऱ्याचं, मासोळी सोसायटीची, गुरं सगळ्यांची, दुरुस्ती कोणाचीच नाही. असं आहे ते.

त्यात शेतकरी न ढीवर यांचं गणित वेगळं पडतं. तुमचा भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान दाण्यावर येतो तेव्हा, म्हणजे आश्विन-कार्तिकात, तुम्हाला शेवटचं पाणी पाहिजे, तलाव तळाला गेला तरी चालतं. सोसायटीनं पावसाळ्यात मत्स्यबीज टाकलेलं असतं, त्यांना उन्हाळ्यापर्यंत निदान एका भागात पाणी उभं पाहिजे, नाही तर वर्षाची कमाई गेली न ठेक्याचे पैसे मात्र भरावेच लागतात. आता गाळ काढायचा म्हणजे तुम्ही मे महिन्यात पूर्ण तलावात जेसीबी फिरवणार, तर त्यांना दिसतं काय? मासोळी गेली, जुने डोह गेले, अंडी घालायच्या उथळ जागा गेल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीबी नाहीच म्हटलं असतं. तो नकार अडथळा समजू नका, तलावाची माहिती समजा, गावात तलावाच्या तळाची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढीवर बायांनीच तलावातली बेशरम उपटून देशी वनस्पती परत लावल्या, देवधान, पोवन, कमळ असं, कारण देशी मासोळीला चारा न आडोसा त्यात मिळतो. नुसता गाळ काढला न त्यात रोहू-कतला टाकले की तलाव दुरुस्त झाला असं नसतं. तुमच्या प्रपोजलमध्ये 'खोलीकरण' शब्द किती वेळा आला असेल मला माहीत आहे, आणि तिथंच मोठी चूक होते, गाळ काढता काढता पोक्लेनवाला मूळ तळाची चिकण माती फोडतो न मग तलाव गाळानं भरलेला होता तेव्हा निदान पाणी थांबायचं, आता पाझरून जातं. काढायचा तो गाळच, आणि कुठपर्यंत काढायचा हे खड्डे घेऊन आधी बघायचं, म्हातारी माणसं सोबत घेऊन. एका वर्षी अर्धा तलाव, दुसऱ्या वर्षी अर्धा, एक डोह तसाच सोडायचा, बेशरम उपटायची मजुरी टोलीतल्या बायांना द्यायची. एवढं लिहून नेलं तर सोसायटी बोलायला बसेल असं मला वाटते. लगेच हो म्हणतील असं नाही.

आता पैशाचं. २० लाखांचा आकडा तुम्ही कुठून आणला? मला वाटते सरांनीच दिला. तो आकडा बाजूला ठेवा न तीन कामांचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्यासमोर लिहा की हा पैसा आधीच कुठं पडलेला आहे का. पुष्कळदा असते. गाळाचं घ्या. 'गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे, २०२३ च्या जीआरप्रमाणे लहान शेतकऱ्यानं गाळ शेतात नेऊन पसरवला तर एकरी १५ हजारांपर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकर म्हणजे ३७,५०० पर्यंत अनुदान आहे, विधवा शेतकरी बायांनाबी धरलंय. यंदाचा जीआर एकदा बघून घ्या, दर बदलतात. त्यात वाळू काढायला बंदी आहे हे गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना आधीच समजावून ठेवा, नाही तर गाळाच्या नावावर भलतंच निघते न नाव ग्रामसंघाचं खराब होते. आणि जिल्हा परिषदेच्या ना हरकतीशिवाय तलावात एक पावडंबी घालू नका, तलाव तुमच्या गावात आहे पण कागदावर तुमचा नाही.

पारीवरची झुडपं, माती, नहर साफ करणं हे रोजगार हमीत बसवता येते, तुमच्या समितीत रोजगार सेवक बसलेलाच आहे, त्याला कामाला लावा. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा पैसा येतो, १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ साठी त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधूनच ठेवला होता, पावसाचं पाणी साठवणं त्यात धरलेलं होतं. नवीन वर्षात बंधन कशाला किती हे ग्रामसेवकाला विचारा, पण काम पंचायतीच्या आराखड्यात नसेल तर एक रुपया निघत नाही, म्हणून आधी आराखड्यात नाव घाला. पोकरा म्हणजे हवामान बदलात शेती टिकवायचा सरकारी प्रकल्प, त्याचा दुसरा टप्पाबी आपल्या पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत आलाय, तुमचं गाव यादीत आहे का हे कृषी सहायक एका फोनवर सांगेल.

हे सगळं लिहून झालं की खाली जे उरते ना, त्याच्यासाठी ग्रँट मागायची. उरते काय? बैठकांचा खर्च, एका लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या पोरीचं दोन वर्षांचं मानधन, देशी मत्स्यबीज, देवधान-कमळाचे कंद आणणं, डोंग्यांची दुरुस्ती, लाइफ जॅकेट, बियाण्याच्या कोठ्या. माझा अंदाज आहे की हा आकडा २० लाखांच्या जवळबी जात नाही. पण गंमत अशी की याच गोष्टींना सरकारी योजनेत सहसा जागा नसते न देणारेबी हात आखडतात, त्यांना पाटी लावायला भिंत पाहिजे असते. तरी मागा. स्पष्ट लिहा की माती आम्ही योजनेतून उचलतो, तुम्ही माती उचलणाऱ्या माणसांना धरून ठेवायला पैसा द्या. समजदार देणारा असेल तर त्याला हे अर्ध्या मिनिटात कळते, नसेल कळत तर त्याचा पैसा तुम्हाला पुढं तापच देणार आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा तेंदूपत्त्याचा चांगला पैसा समोर होता, ग्रामसभेनं तो तोडायचा नाही ठरवलं, कारण त्याच्यासाठी झाडं छाटतात न जंगलात आग लावतात, आणि ते बांबूवर उभे राहिले. आलेल्या पैशाला नाही म्हणणारं गाव मला तरी जास्त भरवशाचं वाटते.

नाबार्डच्या पाणलोट कामांत एक पद्धत होती ती मला आवडते, आधी शिवाराचा लहानसा तुकडा गावानं करून दाखवायचा, त्यात श्रमदान करायचं, आणि ते जमलं तरच पुढच्या मोठ्या कामाचा पैसा. तुम्ही हे कोणी सांगायची वाट न बघता करा. या उन्हाळ्यात फक्त सांडव्याकडचा कोपरा घ्या, बेशरम काढा, आधीचा न नंतरचा फोटो, किती बाया, किती दिवस, कोणाच्या शेतात किती ट्रॉली गाळ, हे वहीत लिहा. मागच्या दहा वर्षांत कोणत्या साली रोवणी अडकली, किती घरांचा धान गेला, हे म्हाताऱ्यांना विचारून तारीखवार लिहा. कंपनीवाल्यापुढं ही वही ठेवली न, की वीस पानांचं प्रपोजल नाही लागत. आणि ते 'क्लायमेट रेझिलियन्स' वगैरे अर्जात लिहायचंच असेल तर एकदा लिहा, पुढं साध्या भाषेत लिहा की पूर आला, पाऊस लांबला तरी गाव तग धरते.

हिशेबाचं थोडक्यात, कारण इथं माझे हात पोळलेत. आमच्या गटाला एकदा एका देणाऱ्यांकडून तीन लाख मिळाले होते, धानाच्या बियाणे बँकेसाठीच. पहिला हप्ता आला, दुसरा अडकला, का तर मजुरीच्या पावत्यांवर अंगठे होते पण पाच हजारांवरच्या पावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्प नव्हता, एक रुपयाचा. उपयोगिता प्रमाणपत्र परत आलं, चार महिने गेले, तोवर पेरणी होऊन गेली. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये स्टॅम्पची पट्टी असते, आमचे हे हसतात. रोखीनं मोठी रक्कम देऊच नका, एका माणसाला एका दिवशी १० हजारांवर रोख दिली तर ट्रस्टच्या हिशेबात तो खर्च धरत नाहीत, आणि तुमची जुनी संस्था जी असेल ती त्याच्यावरून तुमच्यावर चिडेल.

पण त्या बियाणे बँकेचं खरं वाटोळं स्टॅम्पनं नाही झालं, चावीनं झालं. खोली फुकट मिळाली म्हणून आम्ही गावातल्या एका वजनदार घरची पडवी घेतली होती. पैसा संपला, येणारे-जाणारे साहेब बंद झाले, मग त्या घरात लग्न निघालं न कोठ्या बाहेर अंगणात आल्या, मग परत आत गेल्या पण चावी त्यांच्याकडेच राहिली. बाया दोन वेळा मागायला गेल्या, तिसऱ्यांदा नाही गेल्या. पुढच्या मृगात उघडलं तर अर्धं बियाणं उंदरांनी खाल्लं होतं न उरलेलं उगवलं नाही. म्हणून तुमच्या पुराच्या सामानाची न बियाण्याची खोली कुठं आहे हे मला पत्रात दिसलं नाही ते आधी ठरवा. २०२० च्या पाण्याची खूण जिथं लागली त्याच्या वर, शाळेची किंवा समाजमंदिराची, पंचायतीच्या ठरावानं लिहून घेतलेली, आणि चाव्या दोन. बियाणं मात्र सगळं एका जागी नकोच, पाच-सहा घरी थोडं थोडं पेरत राहिलेलं बरं, लुचई कोठीत नाही जगत, बांधीत जगते.

दुसरी चावी कोणाकडे? मी तर टोलीत देईन. पुन्हा तसा पूर आला, वैनगंगा न चुलबंद दोन्ही फुगल्या न गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, तर रात्री दोन वाजता डोंगा घेऊन त्या खोलीपर्यंत कोण पोचणार आहे? उपसरपंच तर नाही पोचणार. तुमच्या खोलीत दोर-टॉर्च आहेत, डोंगे नाहीत, कारण डोंगे आधीच गावात आहेत, फक्त ते तुमच्या यादीत नाहीत. त्यांच्या दुरुस्तीचा न ज्यांनी तेव्हा जीव घालून माणसं काढली त्यांच्या विम्याचा खर्च अर्जात पहिल्या ओळीवर टाका. तो खर्च कोणत्याबी देणाऱ्याला समजेल.

ग्रामसंघातल्या ज्या बाया २५ हजार द्यायला तयार आहेत त्यांच्यावर चिडू नका, त्यांना गावाचं चांगलंच पाहिजे आहे, त्यांना फक्त ही कायद्याची दोन-तीन वाक्यं बैठकीत वाचून दाखवा न ठराव लिहा की कोणालाही फाइल चार्ज द्यायचा नाही. सरांना फोन करून भांडायची गरज नाही, ठराव झालाय एवढं सांगा.

आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तलावाचा ठराव घ्यायचा असेल, घ्याच, म्हणजे उन्हाळ्याच्या कामाला ना हरकत वेळेवर मागता येईल, तर त्याच्या आधी एका संध्याकाळी टोलीत जाऊन या. समिती घेऊन नका जाऊ, दोघी-तिघी जा. गाळाचं पहिल्या दिवशी काढूच नका. त्या पुराच्या रात्री कोणाकोणाचे डोंगे निघाले होते ते विचारा न नावं लिहून आणा, मला वाटते सहा वर्षांत ती नावं कोणी लिहिली नसतील. चहा तिथंच घ्या. मग काय झालं ते कळवा.